प्रत एकच
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पुराभिलेख सांभाळायला शिकते म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे लायब्ररी ना?" पुस्तक हरवलं तर दुसरं मिळतं; आमच्याकडे प्रत एकच.

सकाळी मोडीचा सराव. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. आपल्या मराठीच्या बाईंना हे चाललं नसतं! दुपारी मऊ ब्रशनं धूळ झाडायची, पानांवर पेन्सिलीनंच आकडे घालायचे. पेशवे दफ्तरासारखे कापडी रुमाल सोडले, तरी आतला क्रम मोडायचा नाही. बिनतारखेच्या कागदाचा काळ पुष्कळदा शेजारचा कागद सांगतो.

आजोबांची पत्रं लॅमिनेट करू नका. ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही.

आणि सर, माळ्यावरची जुनी हजेरीपत्रकं रद्दीत जाणार, असं ऐकलं. रविवारपर्यंत थांबा. मी येते. चौघं हवेत, मास्क आणि सुती फडकी घेऊन.