हिवतापाच्या निदानात पीसीआरची जागा



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे: हिवतापाच्या निदानात पीसीआरसारख्या रेणवीय चाचण्यांना कुठं बसवायचं?

बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधलं उदाहरण घ्या. तिथल्या कापित भागात सूक्ष्मदर्शकाखाली ‘प्लाझ्मोडियम मलेरी’ असं निदान होणारे रुग्ण येत. मलेरीचा ताप सहसा सौम्य, रक्तात परजीवी थोडे. इथं मात्र परजीवी भरपूर आणि माणसं आजारानं बेजार. बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांच्या गटानं पीसीआर केला, तेव्हा मलेरीचा डीएनए सापडेचना. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी जाहीर केलं की 208 रुग्णांपैकी 120 जणांना माकडांमधल्या ‘प्लाझ्मोडियम नोलेसी’ची लागण झाली आहे, मलेरी एकालाही नाही. स्लाइड वाचणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही परजीवी दिसायलाच सारखे. पण मलेरीचं चक्र 72 तासांचं, नोलेसीचं 24 तासांचं. हा फरक रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

झटपट निदान किटचं, म्हणजे आरडीकेचंही तसंच. ती पट्टी फाल्सिपेरम परजीवीचं एचआरपी-2 हे प्रथिन पकडते. ज्या परजीवीनं तो जनुकच गमावला, तो पट्टीवर उमटत नाही. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातून 2010 साली असे परजीवी नोंदले गेले. पुढे एरिट्रियात ते इतके निघाले की देशाला किट बदलावी लागली. भारतातही ते आढळले आहेत, प्रमाण कमी आहे. ते वाढतंय का, हे पट्टी स्वतः सांगू शकत नाही. तिची झडती जनुकीय चाचणीनंच घ्यावी लागते.

म्हणून स्लाइड काढून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. तापानं फणफणलेल्या माणसाला आज औषध हवं, आणि ते स्लाइड आणि पट्टीच मिळवून देतात. उपचारानंतरही काही दिवस पीसीआर पॉझिटिव्ह राहू शकतो, आणि यकृतात दडून बसलेला व्हायवॅक्स तर त्यालाही दिसत नाही. पीसीआरचं खरं काम आहे ताप नसलेल्या, दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या माणसाच्या रक्तातले तुरळक परजीवी शोधणं. डासाला तेवढेही पुरतात. हिवताप जसजसा कमी होईल, तसतसं हे काम वाढत जाणार आहे.

तरुण मित्रांना एक कळकळीची गोष्ट सांगतो. नेस्टेड पीसीआरमध्ये पहिल्या फेरीनंतर नळी उघडावी लागते. त्या क्षणी डीएनएच्या असंख्य प्रती हवेत, हातमोज्यावर, पिपेटवर जातात. मग एखाद्या दिवशी जेलवर निगेटिव्ह कंट्रोलच्या रकान्यात 205 बेसजोड्यांपाशी फिकट पट्टा दिसतो. फाल्सिपेरमचा! कितीही फिकट असो, ती अख्खी बॅच रद्द करा. अहवालाची घाई कोणीही करत असो. खोल्या वेगळ्या, पिपेट वेगळी, ॲप्रन वेगळा. यात तडजोड नको.

आता आपल्या दाराशी. गडचिरोली अनेक वर्षं राज्यात हिवतापाचा सर्वाधिक भार सोसणाऱ्या जिल्ह्यांत आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तालुक्याचा संपर्क तुटतो, आणि हिवतापाचे दिवसही तेच. तिथला नमुना शहरात पाठवून अहवालाची वाट बघत बसण्यात काय हशील? फिल्टर पेपरवर वाळवलेला रक्ताचा थेंब शीतपेटीशिवाय टिकतो. सर्वेक्षणाला तो पुरेसा आहे. आणि डीएनए शोधणारी लॅम्प ही पद्धत साधारण 65 अंशांच्या एकाच तापमानावर, तासाभरात उत्तर देते. थर्मोसायकलर लागत नाही. देशानं 2030 पर्यंत हिवताप निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. या परिषदेनं शासनाकडं स्पष्ट मागणी करावी: अशा प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लॅम्पची सोय, ती चालवायला कायमस्वरूपी तंत्रज्ञ, आणि पॉझिटिव्ह निकाल त्याच दिवशी गावच्या आशाताईपर्यंत पोचवण्याची लेखी जबाबदारी. ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडं दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर मोकळेपणानं बोला.