म्हैसूरची पेठ : राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला 'खरेदी' हा विषय येऊन बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. विषय जाहीर झाला तेव्हा भगिनींच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसली आणि पुरुषमंडळींचा हात नकळत खिशाकडे गेला, हे मी पाहिले आहे. परंतु कोणत्याही शहराचे अंतरंग ओळखायचे, तर त्याच्या राजवाड्याइतकीच त्याची पेठही पाहावी लागते. राजवाडा आपल्याला शहराचे वैभव सांगतो. ते वैभव कोणी घडविले हे पेठ सांगते.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली ही ऋतुचक्रासारखी अटळ असते. त्या चक्रात मी अनेक गावांच्या बाजारपेठा पाहिल्या. पुण्याचा लक्ष्मी रस्ता आणि दादरची पेठ तर आपल्या रक्तातच आहे. तरीही कृष्णराज चौकातून उत्तरेकडे निघणारा आपल्या या गावचा सयाजीराव रस्ता मला या सर्वांत वेगळा वाटत आला. एक तर दसऱ्याची जंबू सवारी ज्या रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते तोच हा रस्ता. म्हणजे वर्षातून एक दिवस येथे सुवर्ण अंबारी मिरविते आणि उरलेले दिवस येथे गिऱ्हाईक मिरविते. दुसरे म्हणजे त्याचे नाव. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेला, वयाच्या बाराव्या वर्षी, १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसलेला एक मराठी राजा. त्याचे नाव म्हैसूरच्या प्रमुख पेठेला लाभले आहे. आपण घरापासून फार दूर आलो आहोत असे ज्यांना वाटते त्यांनी या पाटीकडे एकवार पाहावे. सयाजीरावांच्या बडोद्याचा कारभार प्रथम घडविणारे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. आणि त्यांचे पुत्र टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. या शहराशी आपला संबंध केवळ बदलीच्या हुकमाने जडलेला नाही.

आता या पेठेतील मौल्यवान वस्तूंकडे वळू. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली आगीत भस्मसात झाला आणि आजचा अंबाविलास राजवाडा हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभा राहून १९१२ साली पुरा झाला. त्याच १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकीर्दीत येथील रेशीम विणण्याचा कारखाना सुरू झाला. आरंभी तेथील कापड राजघराण्यासाठी आणि दरबारी लवाजम्यासाठी विणले जाई. पुढे १९८० साली कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळ स्थापन झाले आणि मानंदवाडी रस्त्यावरील तो कारखाना आजही मंडळाच्या ताब्यात चालू आहे. रामनगरच्या बाजारातून कोष येतात, ते उकळून धागा काढला जातो आणि येथे तो मागावर चढतो.

म्हैसूर रेशमी साडीचा विशेष कशात आहे, हे आपण भगिनींनाच विचारावे. तरीही एका कारकुनी वृत्तीच्या माणसाने जे विचारून घेतले ते सांगतो. या साडीच्या आडव्या धाग्याला भरपूर पीळ दिलेला असतो. एक धागा उजव्या पिळाचा तर दुसरा डाव्या पिळाचा, असे ते आलटून पालटून विणले जातात. विणून झाल्यावर कापड साबणाच्या पाण्यात उकळून रेशमावरील नैसर्गिक डिंक काढून टाकतात. डिंक गेला की ते पिळलेले धागे आपापल्या बाजूला आखडतात आणि कापडाला ती बारीक सुरकुतीची, हातातून पाण्यासारखी निसटणारी मृदुता येते. रंग त्यानंतर चढतो. आपल्या येवल्याच्या पैठणीचे नेमके उलट. तेथे सूत आधी रंगविलेले असते आणि पदरावरील मोर व वेलबुट्टी हातमागावर एकेक धागा गुंतवून उठविली जाते. पैठणी अंगावर उभी राहते, म्हैसूरची साडी अंगावरून वाहते. एक दागिन्यासारखी मिरवावी, दुसरी दिवसभर नेसून घरच्या कार्यात वावरावे. माझ्या मते प्रत्येक मराठी घरात दोघी जावा-जावांसारख्या नांदाव्यात.

या साडीच्या जरीत ६५ टक्के चांदी आणि सुमारे पाऊण टक्क्याहून थोडे कमी, म्हणजे ०.६५ टक्के सोने असते, असे महामंडळ सांगते. प्रत्येक साडीवर तिचा स्वतंत्र क्रमांक विणलेला असतो. म्हणजे आपल्या सेवापुस्तिकेप्रमाणे प्रत्येक साडीची नोंद आहे! बाजारात 'म्हैसूर सिल्क' म्हणून नकली माल उदंड मिळतो; तेव्हा क्रमांक पाहिल्यावाचून आणि पावती घेतल्यावाचून पैसे मोजू नयेत.

दुसरी वस्तू चंदन. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरविले आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ कोणाच्याही जमिनीवर उगवलेला चंदन सरकारचाच मानला गेला. पहिल्या महायुद्धात युरोपात जाणारे लाकूड बंदरातच अडकले, तेव्हा लाकूड बाहेर पाठविण्याऐवजी तेल येथेच काढावे असा विचार पुढे आला आणि १९१६ साली चंदनतेलाच्या उद्योगाचा पाया घातला गेला. त्या वेळी दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले आणि ज्यांच्या स्वयंचलित दरवाजांची योजना खडकवासल्याच्या धरणावर प्रथम झाली. त्याच तेलातून म्हैसूर सँडल साबण जन्माला आला. मक्तेदारीचा दुसरा परिणाम मात्र वाईट झाला. झाड आपले नाही, राखण्याची जबाबदारी मात्र आपली, म्हणून शेतकरी चंदन लावीना. आणि जंगलातला चंदन चोर नेत. २००१ साली कर्नाटकाने कायदा बदलून झाडाची मालकी जमिनीच्या धन्याला दिली. पण चंदन काही मेथीची भाजी नव्हे. आज लावलेले झाड नातवाच्या हाती येणार.

तिसरी वस्तू शिसवी लाकडावरील जडावकाम. राजवाड्याचे दरवाजे पाहिलेल्यांना ते वेगळे सांगणे नको. शिसवीच्या काळ्या फळीवर नक्षी कोरायची, त्या खाचेत वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे पातळ तुकडे बसवायचे आणि घासून एकजीव करायचे. रंग फासायचा नाही. प्रत्येक छटा त्या त्या झाडाची. पूर्वी यात हस्तिदंत असे. १९८६ नंतर कायद्याने त्याचा व्यापार बंद झाला, आणि ते योग्यच झाले. कारागिराने हस्तिदंत सोडला, कला सोडली नाही.

गंजिफाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांना या गोल चित्रपत्त्यांचा मोठा छंद होता आणि त्यांनी स्वतः नवे खेळ रचले. म्हैसूरच्या गंजिफाकडे पाहिले की कोकणातल्या माणसाला सावंतवाडी आठवते. तेथेही ही कला राजवाड्यानेच जगविली, आणि ती मरणपंथाला लागली असता शिवरामराजे भोसले व बडोद्याच्या माहेरवाशीण सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चितारी बसवून तिला पुन्हा उभे केले. आणखी एक योग पाहा. जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रशाळेत ज्या चित्रापुढे लोक सर्वांत अधिक रेंगाळतात, ते हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र अनेकजण राजा रविवर्म्याचे समजतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे.

बंधुभगिनींनो, देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे मात्र समजू नका. आपल्या आज्यांनी जन्मभर नेसलेले इरकल हे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचे. आणि चोळीचा खण गुळेदगुड्डचा. ज्याला आपण शुद्ध मराठी वेष म्हणतो त्याचे निम्मे माप कर्नाटकात विणले गेले आहे.

आता बेतून शिवण्याविषयी. विलायतेत सॅव्हिल रो नावाची शिंप्यांची गल्ली जगप्रसिद्ध आहे. तेथे गिऱ्हाइकाचे माप घेऊन, केवळ त्याच्यासाठी कोट शिवतात आणि त्याचे अवाच्या सवा दाम घेतात. आपल्याकडे या कल्पनेला 'बेतणे' असा सुंदर शब्द पूर्वीपासून आहे. माणूस कपड्यात बसवायचा नाही, कपडा माणसावर बेतायचा. भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची कितीतरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या कर्नाटकात आहेत. बाहेर अस्खलित कन्नड आणि घरात मराठी. बढतीनंतर मी ज्यांच्याकडे बंद गळ्याचा कोट शिवला ते वृद्ध गृहस्थ त्यांपैकीच. त्यांनी माप घेताना मला तीन वेळा सरळ उभे केले आणि चौथ्या वेळी म्हणाले, "साहेब, तुम्ही फायलींवर वाकून बसता ना, डावा खांदा उतरला आहे. कोट तसाच बेततो. अंगावर सरळ दिसेल." कोणत्या तयार कपड्यांच्या दुकानाला माझा डावा खांदा ठाऊक असणार?

तसाच अनुभव मुलीच्या लग्नाच्या वेळी आला. एका जुन्या दुकानात आम्ही जड जरीची, आमच्या ऐपतीच्या काठावरची साडी पसंत केली. विक्रेत्याने मुलीला आरशापुढे उभे केले, क्षणभर पाहिले आणि ती बाजूला सारून बारीक काठाची, निम्म्या किमतीची साडी पुढे ठेवली. "हिला ही साडी नेसवेल; ती साडी हिला नेसेल," असे तो कन्नडमध्ये म्हणाला. आज दहा वर्षांनी ती साडी वापरात आहे. ज्या दुकानाला उद्याही आपण येथेच असणार याची खात्री असते, तेच दुकान आजचा नफा सोडते. जुन्या पेढीची खरी श्रीमंती ती हीच.

परंतु ही पेठ आज कोणत्या अवस्थेत आहे? व्हाइसरॉय लॅन्सडाऊन यांच्या भेटीच्या स्मरणार्थ १८९२ साली उभी राहिलेली इमारत २०१२ साली अंशतः कोसळली आणि चार माणसे प्राणास मुकली. २०१६ साली देवराज मंडईचा उत्तरेकडील भाग ढासळला. या दोन्ही वास्तू पाडून पुन्हा बांधण्याच्या निर्णयाविरुद्ध केलेल्या याचिका २०२३ साली उच्च न्यायालयाने फेटाळल्या. डागडुजी करून जुने जपावे, असे वारसाप्रेमींचे म्हणणे. माणसांच्या जिवाला धोका नको, असे शासनाचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण एक गोष्ट मला सतावते. भिंती पुन्हा तशाच बांधता येतील; मात्र त्या ओट्यावर तीन पिढ्या बसून हाताने मोजून मोगऱ्याची माळ देणारा, कुंकवाच्या राशी लावणारा, उदबत्तीचा वास घेऊन तिची प्रत सांगणारा माणूस बांधकाम चालू असताना कोठे जाईल, आणि गेला तर परत येईल काय?

येथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. या साऱ्या कलांना पूर्वी राजाश्रय होता. म्हैसूर पाक हा गोड पदार्थदेखील काकासुर मादप्पा नावाच्या राजवाड्यातील आचाऱ्याने केला असे सांगतात, आणि त्याच्या वंशजांचे दुकान याच सयाजीराव रस्त्यावर आहे. राजा चोखंदळ होता म्हणून आचारी, विणकर, सुतार चोखंदळ राहिले. संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखेही बंद झाले. आता राजा कोण? आपण! महिन्याच्या पगारावर जगणारे, गृहकर्जाचे हप्ते फेडणारे तुम्ही आणि मी. राजवाड्यासाठी विणलेले रेशीम आज रांगेत उभे राहून कोणीही घेऊ शकतो, हा लोकशाहीचा लहान विजय नव्हे. पण राज्य मिळाले की राजाची कर्तव्येही येतात. पहिले कर्तव्य पारख, आणि दुसरे योग्य दाम.

उधळपट्टी करा असे मी मुळीच सांगत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा आपल्या वाडवडिलांचा धडा मी सरकारी नोकरीत रोज गिरविला आहे. पण वर्षातून दहा तकलादू वस्तू घेण्याऐवजी कारागिराच्या हातची एक घ्यावी. घासाघीस भाजीत करावी, कलेत करू नये. मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांना बक्षीस म्हणून प्लॅस्टिकचे पेले देण्याऐवजी जडावकामाची एखादी लहानशी पेटी किंवा चार गंजिफा द्याव्यात. दिवाळीला गावी जाताना येथील साडी न्यावी आणि परतताना तेथून पैठणीचा एखादा बटवा येथील शेजारणीला आणावा. आणि खरेदीला जाताना मुलांना बरोबर न्यावे. आपली मुले घरात मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. एका वस्तूला हात लावून तिचा कस ओळखणे ही चौथी भाषा आहे. ती पुस्तकात मिळत नाही, दुकानाच्या पायरीवरच शिकावी लागते. ती ज्या पिढीला आली नाही, त्या पिढीला खरे रेशीम आणि खोटे रेशीम सारखेच वाटेल, आणि मग खरे विणणारा माग आपोआप बंद पडेल. त्यासाठी कोणा शत्रूची गरज लागणार नाही.

पन्नास वर्षे या मंडळाने परगावात मराठी जिभेची चव राखली. पुढच्या पन्नास वर्षांत ज्या गावाने आपल्याला आसरा दिला त्या गावच्या हाताची कदर राखण्याचे कामही मंडळाने अंगीकारावे, एवढीच विनंती.