मोटारीतील दातेरी पट्टा

पिठाच्या गिरणीचा पट्टा निसटला तर दळण थांबते, एवढेच. मोटारीच्या इंजिनातही असाच एक रबरी पट्टा असतो, मात्र त्याला दाते असतात. टायमिंग बेल्ट म्हणतात तो हाच. दट्ट्या खालीवर होत असताना झडपा नेमक्या वेळी उघडाव्यात व मिटाव्यात, हा मेळ तो राखतो. धावत्या गाडीत तो तुटला की काही झडपा उघड्याच राहतात, आणि पुष्कळ इंजिनांत वर येणारा दट्ट्या त्यांवर आदळतो. झडपा वाकतात. पट्ट्याचे काम मग इंजिन उघडण्यावर जाते.

तो बदलायचा केव्हा? गाडीच्या पुस्तिकेत बहुधा किलोमीटर आणि वर्षे असे दोन्ही आकडे असतात. जो आधी भरेल तो धरावा. खेड्यात घोटाळा होतो तो इथेच. गाडी बाजाराला नि लग्नकार्याला तेवढी निघते, काटा फारसा सरकत नाही, मालक म्हणतो, "अजून फिरलीय कुठं!" अहो, पण रबर छपराखाली उभ्या गाडीतही जुने होतेच. त्यावर तेल गळले तर आणखी लवकर. वर झाकण असल्याने तडे दिसत नाहीत, आणि रात्री दवाखान्याला निघालेली गाडी मध्येच थांबते.

जुनी गाडी घेतलीत आणि पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजा. ताण देणारी पुलीही त्याच वेळी बदलून घ्या. मजुरी एकदाच पडते. काही गाड्यांना पट्ट्याऐवजी साखळी असते, तेवढे मिस्त्रीला आधी विचारा. आणि पट्टा तुटलाच, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी ओढून न्या.