ड्रायरला झेपेल तेवढेच



आज आपण कपड्यांच्या ड्रायरविषयी चार शब्द बोलू. कपडे धुण्याचे यंत्र आता पुष्कळ घरांत आले आहे. त्यात एक जात दोन पिंपांची असते. मोठ्या पिंपात कपडे धुतले जातात. शेजारच्या लहान पिंपात ते गरगर फिरून निथळतात. या लहान पिंपालाच आपण ड्रायर म्हणतो. गरम हवेने कपडे पुरते वाळवणारे ड्रायरही मिळतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी. आज आपण पिंपाच्या ड्रायरचेच पाहू.

हा ड्रायर कपडे वाळवीत नाही. तो पिळण्याचे काम करतो. पिंप जोरात फिरते, कपडे त्याच्या कडेला दाबले जातात आणि पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. कपडे नंतर दोरीवर घालावेच लागतात. पण जाड चादर पिळायची म्हणजे दोन माणसे लागत. मनगटे भरून येत. तो त्रास ड्रायरने वाचविला. म्हणून ड्रायर बिघडला की नुसता दुरुस्तीचा खर्च होतो असे नाही. वाचलेले कष्ट पुन्हा घरातल्या बाईच्या हातांवर येतात.

मग तो बिघडतो कशाने? पुष्कळदा आपणच तो बिघडवतो. पावसाळ्यात कपडे साठतात. ऊन पडलेले दिसते. वाटते, एकदाच सगळे घालू आणि मोकळे होऊ. मग आपण कपडे कोंबतो, वरून हाताने दाबतो आणि कसेबसे झाकण लावतो. येथेच चुकते.

आता थोडा हिशेब करू. आपण अंक शिकलो आहोत, ते कामी आणू. पिंपाची रुंदी 25 सेंटिमीटर धरा. म्हणजे त्याचा घेर सुमारे 78 सेंटिमीटर झाला. असे पिंप मिनिटाला 1,300 च्या आसपास फेरे घेते. 78 ला 1,300 ने गुणा. उत्तर येते 1,01,400 सेंटिमीटर, म्हणजे 1,014 मीटर. पाहा बरं! एका मिनिटात एक किलोमीटर. तासाचे 60 किलोमीटर झाले. मोकळ्या रस्त्यावर एस. टी. धावते, त्या वेगाने आपला ओला टॉवेल घरात फिरत असतो.

एवढ्या वेगात तोल फार महत्त्वाचा असतो. बैलगाडीत सगळी पोती एका बाजूला टाकली तर गाडी कलते. इथे तर ती ओढ कितीतरी पटींनी वाढते. एका कडेला अर्धा किलो वजन जास्त झाले, तरी पूर्ण वेगात त्याची ओढ सुमारे एका क्विंटलएवढी होते. मग पिंप बाहेरच्या भिंतीवर थडथड आपटते. यंत्र जागचे सरकते. पिंपाखालच्या स्प्रिंगा ढिल्या पडतात. दांड्याभोवतीचे रबर झिजते. त्या रबरातून पाणी खाली गळू लागले, की खाली मोटर असते. मोटरीत पाणी गेले की ती जळू शकते.

भार फार झाला तर मोटर फिरतच नाही, नुसती घुमते. तशीच चालू ठेवली तर ती तापते आणि जळका वास येतो. सुती कपडा पाणी पिऊन दुपटीहून जड होतो, हे ध्यानात ठेवा. कोरडे असताना हलके वाटलेले कपडे ओले झाल्यावर हलके राहत नाहीत.

तर मग काय करावे?

पहिली गोष्ट, यंत्रावरचे आकडे वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 7 किलो लिहिलेले असले, तर तो आकडा बहुधा धुण्याच्या पिंपाचा असतो. ड्रायरचे पिंप लहान असते. त्याचा आकडा वेगळा आणि कमी असतो. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत तो पाहावा. तोच आपला.

दुसरी गोष्ट, एका धुण्याचे कपडे दोन खेपांत घालावेत. एका खेपेला फार तर 5 मिनिटे लागतात. दोन खेपांची 10 मिनिटे झाली. मोटर जळली तर किती दिवस जातील?

तिसरी गोष्ट, कपडे सगळीकडे सारखे पसरून ठेवावेत. एकच जड कपडा असेल तर तो घेराला सारखा बसवावा. वरून जाळीची चकती दाबून बसवावी. ती विसरली, तर रुमाल, मोजा किंवा लुगड्याचा पदर उडून पिंपाच्या बाहेर जातो. तो खाली दांड्याला गुंडाळला की पिंप अडकते.

चौथी गोष्ट, रेनकोट, प्लॅस्टिकचे कापड, रबरी चटई ड्रायरमध्ये घालू नये. त्यातून पाणी निघत नाही. ते एका जागी साठते आणि तोल जातो. गोधडीही घालू नये. ती कठड्यावर निथळत टाकावी.

थडथड ऐकू आली तर यंत्र हाताने दाबून धरू नका. आधी कळ बंद करा. पिंप पुरते थांबू द्या. मगच कपडे सारखे करा. झाकण उघडले की ब्रेक लागतो, पण तो झिजलेला असला तर पिंप काही वेळ फिरतच राहते. त्यात हात गेला तर ओला कपडा बोटांना पीळ घालतो. लहान मुलांना तर जवळ येऊच देऊ नये. जळका वास आला किंवा यंत्राखाली पाणी दिसले, तर भिंतीवरचे बटण कोरड्या हाताने बंद करावे आणि कारागिराला बोलवावे. यंत्राला तीन पिनांची, अर्थिंग असलेली जोडणीच हवी.

आणखी एक सांगतो. या गोष्टी एकट्या बाईने जाणून भागत नाही. कळ फिरवायला घरातले सगळेच येतात, घाईही सगळ्यांनाच असते. तेव्हा हा धडा घरी मोठ्याने वाचून दाखवा. ड्रायरचा आकडा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि यंत्राजवळच्या भिंतीवर चिकटवा. तो कागद आपल्याच हाताने लिहावा, एवढे आमचे सांगणे आहे.