तंबाखू लागते म्हणजे काय?

(निपाणी येथे मराठीच्या शिक्षक-विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण, संक्षेपाने)



मी साहित्य शिकवते. पेशींवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण पेशी एकमेकींशी ‘बोलतात’ असे वाचले आणि त्या क्रियापदापाशी मी थांबले.

निपाणीत हा विषय बांधावरच भेटतो. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. कधी कधी गरगरते, मळमळते म्हणून भिंतीला टेकून बसायची. मुकादमाला ते कामचुकारपणाचे नाटक वाटे. शेजारीण मात्र म्हणे, “तंबाखू लागली गं तुला.” ही ‘लागली’ म्हणजे नेमके काय, ते मला फार उशिरा कळले.

तंबाखूच्या पानावर अळी पडली, की कुरतडलेल्या पानाकडून रासायनिक निरोप मुळांपर्यंत जातो. निकोटिन तयार होते ते मुळांत. तिथून ते रसाबरोबर पानांत चढते. शेतकरी शेंडे खुडतात तेव्हाही पानांतले निकोटिन वाढते. झाडाला मज्जातंतू नाहीत, तरी पान बोलते आणि मूळ ऐकते.

आता अळीकडे पाहू. प्राण्यांच्या मज्जापेशी ज्या पदार्थांतून निरोप देतात, त्यांतला एक अ‍ॅसिटिलकोलिन. ऐकणाऱ्या पेशीवर त्यासाठी कुलपासारखे ग्राही असतात. निरोप पोचला, की एक विकर त्या पदार्थाचे लगेच तुकडे करते आणि बोलणे संपते. निकोटिन त्याच कुलपाला लागते, पण हे विकर त्याला तोडू शकत नाही. निरोप थांबतच नाही. अळी थरथरते, लुळी पडते.

मग तसलेच कुलूप माझ्या आईच्या अंगात कुठून आले? इथे उत्क्रांती येते. अळीचे आणि माणसाचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी एकच होते. ते कुलूप दोघांकडे वारशाने आले. अ‍ॅसिटिलकोलिन तर मज्जासंस्था नसलेल्या वनस्पतींत आणि जिवाणूंतही सापडते. उत्क्रांती दर वेळी नवा शब्द घडवत बसत नाही. जुन्याच शब्दाला नवे श्रोते मिळतात. ग्राहीच्या जनुकाची जादा प्रत तयार होते. एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरी बदलत जाऊन वेगळे ऐकू लागते.

शिवाय अर्थ ऐकणाराच ठरवतो. 1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले, की मज्जातंतूतून सुटलेला पदार्थ हृदयाची गती मंदावतो. तो अ‍ॅसिटिलकोलिनच होता. हाच पदार्थ हातापायांच्या स्नायूंना मात्र ‘आवळा’ असे सांगतो. आपल्या सीमाभागात हे नवे नाही. ‘अण्णा’ म्हटले, की कानडी घरात थोरला भाऊ वळून पाहतो, मराठी घरात कित्येकदा वडील.

असंख्य पेशी एकमेकींचे ऐकतात म्हणून शरीर उभे राहते. ‘थांब’ हा निरोप न ऐकता पेशी वाढतच राहिली, तर त्यातून कर्करोग होतो.

किल्ली लागते, शब्द लागतो, अर्थ लागतो, तंबाखूही लागते. आई नाटक करत नव्हती. अळीसाठी असलेला निरोप तिच्या पेशींनी ऐकला होता. शिक्षकांनो, तुमच्या वर्गात वखारीत जाणाऱ्या बायांची मुले असतील. पेशींचा धडा त्यांना याच क्रियापदापासून शिकवा. आईला काय होते, ते त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल.