दंग्याकडून लोकगीताकडे

लीड्स हे इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील जुने गिरणगाव. तेथील विद्यापीठात चित्रकला शिकणाऱ्या काही तरुणांनी १९७७ साली एक वाद्यवृंद काढला. त्यांतील बहुतेकांना वाद्य वाजविता येत नव्हते. वाद्ये त्यांनी ‘गँग ऑफ फोर’ या शेजारच्या वृंदाकडून उसनी आणली. नावही उसनेच होते. ‘ईगल’ या मुलांच्या साप्ताहिकातील चित्रकथेत मेकॉन नावाचा एक अवाढव्य डोक्याचा खलनायक असे; त्याच्यावरून हे झाले ‘मेकॉन्स’. वेल्समधील न्यूपोर्ट येथे १९५७ मध्ये जन्मलेले जॉन लँगफर्ड या वृंदात प्रथम ड्रम वाजवीत आणि पुढे गिटार वाजवू लागले.

श्रोतेहो, तो काळ पंक संगीताच्या ऐन भराचा होता. ‘पंक’ ही मुळात शिवी. टाकाऊ, उनाड असा तिचा अर्थ. बेकारीने गांजलेल्या तरुण पिढीने ती शिवीच भूषण म्हणून मिरविली. वाजविण्यातील सफाई हा या पंथात दोष ठरे. ‘द क्लॅश’ या नामांकित वृंदाने गोऱ्यांनीही दंगा करावा अशा आशयाचे गीत गायिले, तेव्हा आपण तर कधी दंग्यात नव्हतोच, असे १९७८ च्या आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेतून सांगून मेकॉन्सनी त्याची फिरकी घेतली. पुढील वर्षी त्यांची मोठी तबकडी निघाली, तिच्या वेष्टनावर टंकयंत्रापुढे बसलेले माकड होते आणि मागील बाजूस चुकून ‘गँग ऑफ फोर’चेच छायाचित्र छापले गेले. ही चूक त्यांना शोभूनही दिसली!

पुढे पंकचा भर ओसरला आणि वृंदही जवळजवळ विसर्जित झाला. त्याला पुन्हा उभे केले ते कोळशाच्या खाणींनी. १९८४ च्या मार्चमध्ये वीस खाणी बंद करण्याच्या सरकारी बेताविरुद्ध ब्रिटनमधील खाणकामगारांनी संप पुकारला, तो वर्षभर चालला. यॉर्कशायर हा त्या लढ्याचा बालेकिल्लाच होता आणि लँगफर्ड यांची जन्मभूमी दक्षिण वेल्सच्या खाणप्रदेशाला लागून. संपकऱ्यांच्या मदतीसाठी होणाऱ्या जलशांकरिता ही विखुरलेली मंडळी पुन्हा एकत्र आली. परंतु समोर आता केस रंगविलेली पोरे नव्हती. संसार उघड्यावर पडलेली माणसे होती आणि त्यांच्यापुढे निव्वळ आरडाओरडा कितीसा पुरणार?

याच सुमारास शिकागो येथील एका नभोवाणी निवेदकाने या मंडळींच्या हाती जुन्या अमेरिकन कंट्री गीतांच्या ध्वनिफिती दिल्या. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील शेतकरी, मजूर, मालमोटारचालक यांचे गाणे. फिडल युरोपातून आलेले, बँजोचे मूळ आफ्रिकेतले. काम सुटणे, दारू, मोडलेला संसार, तुरुंग हे त्याचे विषय. स्वरांचे दोनतीन मेळ आले की गाणे उभे राहते. तेव्हा मेकॉन्सना जे उमगले ते असे : हेच तर आपण करीत होतो! त्यांच्या संतापाला एक जुनी, अधिक सोशिक भाषा सापडली. या संगीताला एरवी कडव्या सनातनी राजकारणाचा सोबती मानण्यात येते, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. तथापि त्याच्या तळाशी बोलतो तो हरलेला माणूस.

१९८५ मध्ये ‘फिअर अँड व्हिस्की’ ही त्यांची तबकडी आली. तीत सूझी हनीमन यांचे फिडल आहे, आणि शेवटी हँक विल्यम्स यांनी १९४९ मध्ये गाजविलेले ‘लॉस्ट हायवे’ हे गीत आहे. विल्यम्स हे अलाबामाचे. मद्यपानापायी नॅशव्हिलच्या ज्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमाने त्यांना १९५२ मध्ये काढून टाकले, त्याच नॅशव्हिलने मरणोत्तर त्यांना देव्हाऱ्यात बसविले. १९५३ च्या पहिल्याच दिवशी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते मोटारीच्या मागील आसनावर मरण पावले. हा विपर्यास लँगफर्ड यांच्या मनातून कधी गेला नाही. त्यांनी विल्यम्स यांची चित्रे पुनःपुन्हा रंगविली. पृष्ठभाग खरवडून, मळवून, अडगळीत सापडलेल्या जुन्या पत्र्यासारखी दिसणारी.

पुढे लँगफर्ड शिकागोस स्थायिक झाले. तेथे ‘वेको ब्रदर्स’ या वृंदाची पहिली तबकडी १९९५ मध्ये निघाली. ती कंट्रीच खरी, पण पंकच्या वेगाने धावणारी. परंतु त्यांचे अधिक मोलाचे काम वेगळेच आहे. इलिनॉय राज्यात १९७७ नंतर बारा जणांना देहदंड झाला होता आणि दंड ठोठावलेल्यांपैकी तेरा जण निर्दोष ठरून सुटले होते. हा हिशेब पाहून तेथील राज्यपाल जॉर्ज रायन यांनी २००० साली शिक्षेची अंमलबजावणी थांबविली. २००२ मध्ये लँगफर्ड यांनी ‘द एक्झिक्यूशनर्स लास्ट साँग्ज’ ही तबकडी सिद्ध केली आणि तिचे उत्पन्न मृत्युदंडविरोधी कार्यास दिले. निवडलेली गीते मात्र कोणती? तर खुनाची आणि फाशीची. त्यांत ‘टॉम डूली’ हे गीत होते. १८६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात फाशी गेलेल्या टॉम ड्यूलाची ती कथा. ते स्टीव्ह अर्ल यांनी गायिले.

अशी गीते मृत्युदंडाविरुद्ध उभी करणे हा उफराटा न्याय वाटेल. जुना लोककवी खुन्याची बाजू घेत नाही, आणि मारल्या गेलेल्या स्त्रीला तर क्वचितच बोलू देतो. हे या गीतांतील वैगुण्य मान्य केलेच पाहिजे. परंतु वधस्तंभाकडे निघालेल्या माणसाला तो नाव देतो, गाव देतो, आणि त्याची उद्याची सकाळ कशी असेल ते ऐकणाऱ्याला पाहावयास लावतो. न्यायालयाच्या निकालपत्रात तेवढी एक गोष्ट नसते.

२००३ च्या जानेवारीत रायन यांनी पद सोडताना राज्यातील मृत्युदंडाच्या सर्व शिक्षा रद्द केल्या. मार्च २०११ मध्ये इलिनॉयने हा दंड कायद्यातूनच काढून टाकला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, लँगफर्ड यांची ‘फोर लॉस्ट सोल्स’ ही तबकडी प्रसिद्ध झाली. तिचे ध्वनिमुद्रण हँक विल्यम्स यांच्याच अलाबामात, मसल शोल्स येथे झाले होते.