कापड आधी, फॅशन मागाहून

(हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे 'इंग्रजीतील वेशभूषेचे शब्द'. मघाशी चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, "सर, परवा इथं राज्यघटना झाली, काल दुष्काळ झाला, आणि आज फ्रॉक-पॅन्ट?" (हशा) मी त्यांना म्हटलं, पहिल्या रांगेत बसा, उत्तर तिथंच मिळेल. बसले आहेत. (हशा)

मी इचलकरंजीत इंग्रजी शिकवलं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी त्या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं सारं गावच यंत्रमागांचं झालं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं मागाच्या खडखडाटातच वाढलेली. त्यांच्या पुस्तकात एक धडा होता : चित्रातल्या माणसाच्या कपड्यांचं वर्णन करा. शेजारी मदतीला शब्दांची चौकट. स्मार्ट, एलिगंट, कॅज्युअल, ट्रेंडी, शॅबी. माझा त्या चौकटीवर राग आहे आणि आज तो तुमच्यापुढं मांडायला आलो आहे.

का राग आहे? त्या चौकटीतला एकही शब्द कपड्याबद्दल काही सांगत नाही. कपडा सुती आहे का लोकरी, बाही कुठं जोडली आहे, घेर किती आहे, काही कळत नाही. कळतं ते एवढंच, की बघणाऱ्याच्या नजरेत त्या माणसाची पायरी कोणती. इंग्रजीत कपड्यांचे शब्द दोन घराण्यांतले आहेत. एक घराणं मागावरचं आणि कात्रीखालचं; दुसरं दुकानातलं आणि मासिकातलं. पहिल्या घराण्याचे शब्द माहिती देतात, दुसऱ्याचे शब्द निकाल देतात. आपण मुलांच्या हाती आधी निकाल देतो, पुरावा कधीच देत नाही. माझं सगळं म्हणणं हेच आहे. आता उदाहरणं देतो.

एका वर्षी याच धड्याला एक मुलगी उभी राहिली. चित्रात जीन्स घातलेला तरुण होता. वडील मागावर, आई कांड्या भरणारी. म्हटलं, वर्णन कर. मान खाली. म्हटलं, बरं, मराठीत सांग. तर तिनं काय करावं? शेजारच्या मैत्रिणीच्या जीन्सची मोहरी उलटून वर धरली आणि म्हणाली, "सर, हे प्लेन नाही, ट्विल आहे. ताणा निळा, बाणा पांढरा. बाणा तीन ताण्यांखालनं जातो आणि एकावरनं येतो, म्हणून वरनं निळं दिसतंय आणि आतनं पांढरं. पुढच्या फेरीला एक घर सरकतोय, म्हणून ही तिरपी रेघ." मी विचारलं, "मग गुडघ्यावर पांढरं का पडतं गं?" म्हणाली, "नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही सर. वरचं झिजलं की आतलं दिसतंय."

मंडळी, जे जीन्स घालून आले आहेत त्यांनी आत्ता मोहरी उलटून पाहा. (हशा) हसू नका, पाहाच. दिसली तिरपी रेघ? (पुढच्या रांगांतून "दिसली") एखाद्या वस्तुसंग्रहालयात डेनिमच्या तुकड्याखाली जी माहिती लिहितील, ती त्या मुलीनं तोंडी सांगितली होती. मी फक्त फळ्यावर शब्द लिहिले : वॉर्प, वेफ्ट, ट्विल, इंडिगो. तास संपायच्या आत तिनं ते वर्णन इंग्रजीत, धडाधड केलं. तिला शब्द नव्हते, पण शब्दांना लागणारं ज्ञान घरचं होतं. चौकटीनं तिला मुकं केलं होतं.

आता जीन्स निघालीच आहे तर तिचं मूळ पाहू. मला हे पाच मिनिटांत उरकायचं होतं, पण गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. डेनिम म्हणजे फ्रान्समधल्या नीम गावचं सर्ज नावाचं कापड. जीन म्हणजे इटलीतल्या जेनोवाचं कापड. अमेरिकेत रेनो नावाच्या गावी जेकब डेव्हिस हा शिंपी होता. एक बाई आली, म्हणाली, नवरा लाकूडतोड्या आहे, त्याच्या विजारी टिकत नाहीत. डेव्हिस घोड्यांच्या झुलींना तांब्याचे रिव्हेट ठोकत असे. तेच त्यानं विजारीच्या खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. कापड तो लेव्ही स्ट्रॉसकडून घ्यायचा. दोघांनी मिळून २० मे १८७३ रोजी पेटंट मिळवलं. कंपनी या विजारींना कित्येक दशकं ओव्हरऑल्सच म्हणत होती. 'जीन्स' हे नाव तिनं १९६० च्या सुमारास घेतलं. म्हणजे वस्तू मजुराची, नाव तरुणाईचं, आणि दोन्हींत पंच्याऐंशी-नव्वद वर्षांचं अंतर.

पण अशा विजारींना इंग्रजीत आणखी जुनं एक नाव आहे, डंगरी. हे नाव कुठलं? आपल्या डोंगरीचं! (टाळ्या) थांबा, पुढं ऐका. मुंबईच्या बंदराला लागून डोंगरी. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला डोंगरी म्हणत. १६१३ सालच्या एका इंग्रज कप्तानाच्या व्यापारी नोंदीत लवंगांच्या बदल्यात द्यायच्या कापडांत हे नाव आहे. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' कोश केला, त्यातही ते आहे. या कापडाची शिडं झाली, तंबू झाले, खलाशांच्या विजारी झाल्या आणि खलाशांबरोबर हा शब्द जगभर गेला. ज्या डोंगरामुळं त्या जागेला नाव पडलं तो डोंगर इंग्रजांनी १७६९ च्या सुमारास सपाट करून तिथं फोर्ट जॉर्ज बांधला. पुढं तो किल्लाही पाडला. त्याचा एक अवशेष आज सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. डोंगर गेला, किल्ला गेला, विजार राहिली.

आता मराठी माणसाला डोंगरी म्हटलं की काय आठवतं? १८८२ साल, टिळक आणि आगरकर, डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस. आगरकरांचं पुस्तक तुम्ही वाचलेलं आहे, तो इतिहास मी इथं सांगायचं कारण नाही. पण मला नेहमी वाटतं, त्या तुरुंगाच्या भिंतीबाहेरच्या धक्क्यावर जे हमाल आणि खलाशी राबत होते, त्यांच्या अंगावरच्या कापडाला इंग्रजी कोशात त्या वस्तीचं नाव मिळालं. वस्तीतल्या विणकरांचं एकही नाव कुणी लिहिलं नाही. ही उणीव आपण भरून काढायची, आणि ती भरायची जागा शाळेतला भाषेचा तास आहे.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजी शब्दांचे कौतुक कशासाठी?" प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. मी कौतुक करत नाही, हिशेब मागतो आहे. तुमच्या आजीच्या परकराचं कापड चिटाचं होतं ना? तेच चीट इंग्रजीत चिंट्झ झालं. आणि त्या चिंट्झचं पुढं काय झालं ते ऐकून मग ठरवा, हा विषय आपला आहे का परका.

सतराव्या शतकात आपल्याकडचं छापील सुती कापड इंग्लंडात गेलं आणि तिथल्या बायकांना त्यानं वेड लावलं. कारण रंग. फिटकरी आणि मुळांचे रंग यांची अशी युक्ती आपल्या रंगाऱ्यांकडं होती की कापड धुतलं तरी रंग जात नसे. युरोपातल्या रंगाऱ्यांना ते साधत नव्हतं. तिथले लोकर-रेशमाचे विणकर बिथरले. १७०० साली छापील कापडाची आयात बंद करणारा कायदा झाला. तरी लोक ऐकेनात. १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर विणकरांनी कॅलिको नेसलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. कॅलिको म्हणजे कालिकतचं कापड, हे सांगायला नको. १७२१ मध्ये असे बहुतेक कपडे वापरण्यावरच बंदी आली. ज्या कापडासाठी संसदेला दोन-दोन कायदे करावे लागले, ते काय हलकं असेल? पुढं गिरण्यांनी त्याची स्वस्त नक्कल काढली, ती घरोघर पोचली, आणि इंग्रजीत 'चिंट्झी' शब्द रूढ झाला. अर्थ? सवंग, भडक. पोर आमचं, बदनामीही आमच्याच पोराची. (टाळ्या)

'शॉडी'चंही तसंच. शॉडी वर्क म्हणजे निकृष्ट काम, एवढं मुलं पाठ करतात. मूळ काय? यॉर्कशायरमध्ये बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ यानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढायची रीत बसवली. त्या कापडाचं नाव शॉडी. गरिबाला त्यामुळं ऊबदार कपडा परवडू लागला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, ठेकेदारांनी घाईघाईत सैनिकांना भिकार शॉडीचे गणवेश पुरवले आणि ते पावसात फाटले. लबाडी ठेकेदारांची, आणि बट्टा लागला कापडाच्या नावाला. आज जगभरच्या जुन्या स्वेटरांचं सूत पानिपतात निघतं. भूकंपात, पुरात जी घोंगडी वाटतात त्यांतली पुष्कळशी तिथली शॉडी असते. ज्यानं संकटात पांघरूण दिलं त्याचं नाव इंग्रजीत शिवी झालं आहे, आणि आपण ती शिवी मुलांना शब्दसंपत्ती म्हणून शिकवतो. मला हे सहन होत नाही.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, हो. पंधरा मिनिटं? दहा? मग 'टॉड्री' आणि 'खाकी' या दोन शब्दांच्या गोष्टी सोडतो. पण समोर बसलेल्यांच्या अंगावर एक अख्खं युद्ध आहे, ते सोडता येणार नाही.

पुढच्या तीन रांगांत बटणांचे स्वेटर दिसतात, आणि कोपऱ्यात दोन माकडटोप्या. (हशा) काढू नका, थंडी आहे. तो स्वेटर म्हणजे कार्डिगन. ती टोपी इंग्रजीत बालाक्लावा. आणि पाठीमागं त्या तरुणाच्या टी-शर्टची वेगळ्या रंगाची बाही थेट गळ्यापर्यंत गेली आहे, ती रॅगलन. तिन्ही नावं क्रिमियाच्या युद्धातली. बालाक्लावाची लढाई २५ ऑक्टोबर १८५४ ची. लॉर्ड रॅगलन ब्रिटिश सैन्याचे सरसेनापती. त्यांचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूला गेला होता. लॉर्ड कार्डिगन घोडदळाचे. सैन्य तंबूत गारठत असताना ते रात्री बंदरातल्या आपल्या नौकेवर झोपायला जात. नावं सरदारांची राहिली. ज्या बायकांनी सैनिकांसाठी टोप्या आणि बंड्या विणल्या, त्यांचं नाव एकाही वस्त्राला नाही.

पण रॅगलन हा शब्द मला आवडतो, कारण तो काप सांगतो. साध्या बाहीला मुंढा असतो, बाही खांद्याशी जोडलेली असते. रॅगलनला मुंढाच नाही. शिवण काखेतून तिरकी निघते ती गळ्याशी पोचते. हात मोकळा फिरतो. शब्द ऐकून शिंपी कापड बेतू शकतो. 'एलिगंट' ऐकून कुठला शिंपी काय बेतणार? (टाळ्या)

मघाच्या गृहस्थांनी हात वर केला आहे. बोला. ("फॅशनवाल्यांनी एकही चांगला शब्द दिला नाही का?") दिला ना. १९५५ मध्ये पॅरिसच्या दिओर या फॅशनकारानं 'ए-लाइन' दिला. वर निमुळतं, खाली रुंद. अक्षर डोळ्यांपुढं आणलं की झगा दिसतो. तो शब्द मी आनंदानं शिकवतो. पण त्याच दिओरनं १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये जे कपडे दाखवले, त्यांना एका अमेरिकन संपादिकेनं 'न्यू लुक' म्हटलं आणि तेच नाव जगानं उचललं. नवं, एवढंच कळतं. त्या घेरदार झग्यांना थानंच्या थानं लागत होती, आणि तेव्हा ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग चालू होतं, ते १९४९ पर्यंत चाललं. ही खरी बातमी होती, आणि ती त्या नावात नाही.

आणखी एकच. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने यांनी बायस कट गाजवला, त्यावर ग्रंथ आहेत. कापड तिरपं कापलं की ते ताणतं आणि अंगाला धरून पडतं. तुमच्या गल्लीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना विचारा, त्या म्हणतील, उरेब. गळ्याला उरेब पट्टी लावल्याशिवाय वळण नीट बसत नाही, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. 'बायस कट' शिकवायला परदेशी मासिक कशाला? त्या ताईंना वर्गात बोलवा.

(घंटा.) झालंच. समोर शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांना विनंती करून थांबतो. हा धडा घ्याल तेव्हा चौकट झाकून ठेवा. वर्गात चिंध्यांचं बोचकं न्या. मुलांना धागा उसवू द्या, मोहरी उलटू द्या, शिवण मोजू द्या. सूत कशाचं, वीण कोणती, काप कसा, हे प्रश्न आधी विचारा. मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीत बांधून द्या. मग शेवटी स्मार्ट आणि एलिगंट खुशाल शिकवा, पण ही बघणाऱ्याची मतं आहेत असं सांगून शिकवा. परीक्षा घेणाऱ्यांनीही याला गुण द्यावेत. ट्विल ओळखणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, आणि नुसतं 'ट्रेंडी' लिहिणाऱ्याला निम्मे. एवढं झालं तर विणकराच्या घरातलं मूल इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणार नाही. माझी मागणी एवढीच आहे.